वाचकांचे प्रश्न : जास्तीचं नको, बदल्यात द्या

प्रश्न : नमस्कार ताई. आम्ही परभणी जिल्ह्यात तालुक्याच्या गावी राहतो, मिस्टरांचं किराणा दुकान आहे. मोठी लेक तिसरीत आहे. शाळा अनुदानित आहे, जवळ आहे, तशी तक्रार काहीच नव्हती. पण दिवाळीपासून रोज सकाळी पोट दुखायलंय म्हणते, रविवारी मात्र दुखत नाही. डॉक्टरला दाखवलं, काही नाही म्हणाले. खोदून विचारलं तर म्हणते शाळेत तेच तेच परत करायला लावतात, माझं झालं की हाताची घडी घालून बसवतात नाहीतर बाकीच्यांच्या वह्या तपासायला देतात. मागं वजाबाकी चालू होती, बाई म्हणाल्या लहान आकड्यातून मोठा आकडा जात नसतो, तर ही उठून म्हणाली जातो की बाई, आमच्या दुकानात लोक पन्नास रुपये आणतात आन ऐंशीचं सामान नेतात, मग पप्पा वहीत तीस लिहितात. पोरं हसली, बाई म्हणाल्या लई शहाणी झालीस, बस खाली. तेव्हापासून वर्गात बोलतच नाही. परवाच्या चाचणीत दोन सोपी गणितं मुद्दाम चुकवली असं मला धाकट्या बहिणीकडून कळलं. मी बाईंना भेटले तर म्हणाल्या पहिला नंबर आहे तिचा, आणखी काय पाहिजे तुम्हाला, आधी अक्षर सुधारा. सासूबाई म्हणतात तू लेकराला डोक्यावर बसवायलीस. मला काही कळेना. एकदम पाचवीत बसवता येतं का? आयक्यू टेस्ट करावी का? का शाळाच बदलू?
एक आई, परभणी जिल्हा

उत्तर : ताई, तुमच्या पत्रातलं ते उधारीच्या वहीचं वाक्य मी तीनदा वाचलं. तुमच्या लेकीनं जे सांगितलं ना ते सहावीच्या गणिताच्या पुस्तकात पूर्णांक संख्यांच्या पाठात येतं, शून्याच्या अलीकडच्या संख्या. आणि ती त्या ठिकाणी अगदी बरोबर वाटेनं पोचलीय, कारण आपल्याकडं गणिती ब्रह्मगुप्तानं इसवी सन 628 मध्ये या संख्यांचे नियम लिहिले तेव्हा त्यानंही त्यांना ऋण म्हटलं, ऋण म्हणजे कर्ज, उधारी, आणि आजही आपण ऋण संख्याच म्हणतो. आठ वर्षांच्या लेकरानं दुकानात बसून हे स्वतःचं स्वतः जोडलं आणि त्याला बस खाली हे उत्तर मिळालं. मला बाईंना दोष द्यायचा नाही, तो पाठ तिसरीचा आहे आणि समोर पन्नास पोरं असली की त्या घडीला माणूस असंच बोलून जातो, मी स्वतः अठ्ठावीस वर्षं शाळेत शिकवलंय, मीही बोललेय. पण तुम्ही विचारताय ते लाड नाहीत, हे आधी सासूबाईंना सांगा, माझं नाव घेऊन सांगा.

का ते सांगते. मी पाचवीला असताना, म्हणजे शिकवत असताना, एक पोरगा होता माझ्या वर्गात, सगळ्यांच्या आधी गणितं करून मोकळा. मी त्याला मॉनिटर केलं, वह्या तपासायला दिल्या, मला वाटायचं मान देतेय. तीन वर्षं त्यानं दुसऱ्यांच्या चुका तपासण्यात घालवली आणि स्वतः एकदाही अडला नाही. आठवीत बीजगणित आलं, पहिल्यांदा एक गणित पहिल्या फटक्यात सुटलं नाही, आणि त्या पोराला अडल्यावर काय करायचं असतं हेच माहीत नव्हतं. बाकीची पोरं रोज अडत होती, खोडत होती, विचारत होती, त्यांना सवय होती. ह्यानं वही मिटली आणि मला गणित येत नाही असं म्हणायला लागला. नंतर त्यानं गणित घ्यावंच लागणार नाही अशीच वाट धरली. तो आजही भेटला की पाया पडतो आणि मला तेव्हाची वह्यांची चळत आठवते. म्हणून म्हणते, हुशार लेकराचं काय, ते आपोआप शिकतं, हे खरं नाही, पाठ आपोआप शिकतं, कष्ट करायचं आपोआप शिकत नाही.

आता तुमच्या लेकीचं. पोट खरंच दुखतं हां, नाटक नाही, मनाला नको असलं की लहान लेकराचं पोटच दुखतं. आणि मुद्दाम चुकणं हे मला पोटदुखीपेक्षा जास्त काळजीचं वाटतं, मुलींमध्ये तर हे लई दिसतं, वेगळं दिसायला नको म्हणून त्या स्वतःला झाकायला लागतात आणि एकदा झाकायची सवय लागली की घरच्यांनाही पत्ता लागत नाही. तुम्हाला लागलाय, वेळेत लागलाय.

अक्षराचं म्हणाल तर बाई म्हणतात ते खोटं नसेल, पण असल्या लेकरांचं सगळं एका मापानं वाढत नाही. डोकं सहावीत, हात तिसरीत, आणि रुसायला लागली की पहिलीतल्या पोरीवाणी. हे चालायचंच. अक्षर सुधारायचं ते सुधारा, रोज पाच ओळी बास, पण अक्षर सुधारल्यावर मग अवघड गणित, अशी अट कुणी घालू नये, पाय दुखतोय म्हणून कुणी जेवण बंद करतं का.

पाचवीत एकदम बसवायचं विचारलंत. आपल्याकडं वर्ग वयावर चालतो, पहिलीलाच सहा वर्षं पूर्ण लागतात आणि पुढं शाळेच्या ऑनलाइन नोंदी, दाखला, स्पर्धा परीक्षांच्या वयाच्या अटी सगळं त्याला बांधलेलं असतं, त्यामुळं मधला वर्ग गाळायचं म्हटलं तर शाळा सहसा तयार होत नाही. परदेशात अशी मुलं वरच्या वर्गात जातात, तिथं त्याचा बराच अभ्यासही झालाय आणि नीट पारखून पाठवलं तर बहुतेकांचं चांगलंच होतं असं दिसलंय. पण तुम्हाला आख्खा वर्ग बदलायची गरजच नाही. लेक गणितात पुढं आहे ना, मग गणिताच्या तासापुरतं बघा, वर्ग तोच, मैत्रिणी त्याच, डबा त्यांच्यासोबतच.

आयक्यू टेस्टची घाई नको. कागदावर आकडा आणला म्हणून बाई उद्यापासून वेगळं शिकवणार नाहीत, उलट घरात तोच आकडा सगळ्या पाहुण्यांना सांगितला जाईल आणि पोरीच्या मानेवर बसेल. पुढं कधी खरंच लागली तर पुण्याला ज्ञान प्रबोधिनी आहे, 1962 पासून बुद्धिमान मुलांच्या शिक्षणाचंच काम करतात, आपल्या भागात 1993 च्या भूकंपानंतर धाराशिव जिल्ह्यात हराळीलाही त्यांनी काम उभं केलं, त्यांना विचारता येईल. आत्ता तुमच्याकडं टेस्टपेक्षा चांगला पुरावा आहे, तिची वही.

हे मी अगदी मनापासून सांगते, शाळेत जाताना प्रगतिपुस्तक नेऊ नका. प्रगतिपुस्तकावर पहिला नंबर आहे आणि बाईंचं उत्तर तिथंच संपतं. वही न्या. पंधरा दिवस घरी ती जे काय खरडते ते फेकू नका, मागच्या पानावरची कोडी, दुकानातला हिशोब, तिनं विचारलेले प्रश्न, तारीख टाकून ठेवा. त्यातली दोनच पानं निवडा. आणि बाईंना पालक सभेच्या गर्दीत नाही, शाळा सुटल्यावर भेटा, आधी विचारून, पंधरा मिनिटं द्याल का म्हणून. काय म्हणायचं ते पण सांगते कारण इथंच गाडी घसरते. माझी लेक हुशार आहे, तिचा वेळ वाया जायलाय, असं म्हणायचं नाही, ते खरं असलं तरी नाही, कारण समोरच्या माणसाला एवढंच ऐकू येतं की तुम्हाला शिकवता येत नाही. असं म्हणा, बाई, ही घरी असलं असलं करत बसते, हे बघा, मला ह्यातलं पुढं काही येत नाही, तुम्ही बघून सांगता का हिला काय द्यावं? बाईंमधली शिक्षिका त्या पानाकडं बघेलच. मी तरी अशी बाई पाहिली नाही की जिनं लेकराच्या हातचं असं पान बघून नुसतं बाजूला ठेवलं.

मग मागायचं ते एकच मागा. स्वाध्यायातली शेवटची, सगळ्यात अवघड पाच गणितं हिला आधी करू द्या, पाचही बरोबर आली तर बाकीचा स्वाध्याय माफ, आणि त्या वेळात दुसरं, चौथी-पाचवीच्या पुस्तकातलं किंवा कोडं. एक चूक आली तर सगळ्यांसोबत सगळं. इथं एक गोष्ट घट्ट धरून ठेवा ताई, जास्तीचं नको, बदल्यात. शाळा पुष्कळदा हो म्हणते आणि वीसच्या जागी तीस गणितं देते, तसलीच, मग लेकराला कळतं की लवकर संपवलं की शिक्षा होते आणि ते हळू करायला लागतं. तीस सोपी गणितं म्हणजे आव्हान नाही, एक असं द्या की जे आज सुटणार नाही. महिनाभर करून बघू, नाही जमलं तर सोडून देऊ, असं म्हटलं की बाईंनाही हो म्हणायला सोपं जातं. पुस्तकं तुम्हीच द्या, बालभारतीची सगळ्या इयत्तांची पुस्तकं ई-बालभारतीवर फुकट उतरवून घेता येतात, बाईंवर शोधाशोधीचा बोजा पडू देऊ नका. आणि वह्या तपासायचं काम बंद करा एवढी विनंतीही त्यातच करा.

नाहीच ऐकलं तर मुख्याध्यापक, पण बाईंना सांगून, बाई मी सरांनाही एकदा विचारते म्हणून, पाठीमागून नाही, लेकरू दिवसभर त्यांच्याच समोर बसायचंय. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मध्ये ज्या मुलांना एखाद्या विषयात खास गती आहे त्यांना शिक्षकांनी जादा साहित्य, मार्गदर्शन, प्रोत्साहन द्यावं असं स्पष्ट म्हटलंय, ते तिथं सांगता येईल, अर्ज करायचा तर दोन प्रती करा आणि एकीवर पोच घ्या, पण हे शेवटचं. ह्याच्या आधी शाळा बदलायचा विषय काढू नका, इंग्रजी शाळेत घालून माध्यम बदललं म्हणजे आव्हान मिळालं असं होत नाही, निम्मं वर्ष भाषा सांभाळण्यात जातं आणि नंतर परत हाताची घडी. आणि कुणी म्हणालं तिसरीपासूनच स्कॉलरशिपचा क्लास लावा तर थोडं थांबा. आपल्या मराठवाड्यात लातूर पॅटर्नचं नाव मोठं आहे आणि त्यानं गरिबाघरची पोरं डॉक्टर-इंजिनियर झाली हे मीही अभिमानानं सांगते, पण आठ वर्षांच्या लेकराला रोज शंभर गोल काळे करायला लावणं म्हणजे शाळेत जे नको झालंय तेच संध्याकाळी परत देणं आहे.

घरी काय? किशोर मासिक लावा, बालभारतीच काढते, 1971 पासून, जुने अंकही ऑनलाइन वाचायला मिळतात. आणि उधारीची वही तिच्या हातात द्या, खरंच सांगते, महिन्याच्या शेवटी कुणाकडं किती, कुणी जास्त दिले, तीस देणं असताना पन्नास दिले तर आता काय लिहायचं, हे तिला करू द्या, मिस्टरांना सांगा शेजारी बसून फक्त बघा. चुकली तर लगेच सांगू नका. ती अडली आणि अर्धा तास अडूनच राहिली तर उठवू नका, लाइट बंद करू नका, जेवण थांबू द्या.

महिन्यानं मला परत लिहा, बाई काय म्हणाल्या ते, मी वाट बघते.

प्रश्न : मॅडम, मी बीड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या दोनशिक्षकी शाळेवर आहे. पहिली ते चौथी, एका खोलीत दोन वर्ग. ऊसतोडीला गेलेल्यांची काही लेकरं आजीजवळ राहतात, ती टिकवणं, वाचायला आणणं हेच रोजचं काम, वरून ऑनलाइन माहिती, पोषण आहार. दुसरीतला एक पोरगा तिसरीची गणितं ऐकून तोंडी उत्तरं देतो. त्याचा बाप येऊन म्हणाला सर माझ्या लेकराकडं वेगळं लक्ष द्या. मी कुठून देऊ? जी मागं आहेत ती सोडून ह्याच्याकडं बघू का?
एक शिक्षक

उत्तर : सर, मागं आहेत त्यांना सोडू नका, तुमचा जीव तिथं लागलाय तो बरोबर ठिकाणी लागलाय. पण तुमच्या पत्रातच उत्तर आहे बघा. पोरगा तिसरीची उत्तरं देतो कारण तिसरी त्याच्या कानाशी बसलीय. शहरातल्या मोठ्या शाळेला हे करायचं तर वेळापत्रक बदलावं लागतं, परवानग्या लागतात, तुमच्याकडं नुसती सतरंजी सरकवायची आहे. गणिताच्या तासाला तिसरीच्या ओळीत बसवा, बाकी दुसरीतच. हजेरीत काही बदलत नाही, निपुणच्या, म्हणजे सरकारच्या पायाभूत वाचन-गणित अभियानाच्या, चाचण्या दुसरीच्याच देईल. बाकी पोरं चार दिवस बोलतील, मग विसरतील. आणि हेच उलटंही करा, चौथीतलं एखादं वजाबाकीत अडलंय ते दुसरीच्या ओळीत बसू दे, म्हणजे सरकणं ही लाजेचीही गोष्ट राहत नाही आणि मानाचीही नाही.

बाकी वेळेला फळ्याच्या एका कोपऱ्यात आठवड्याचं एक कोडं लिहून ठेवा, सगळ्या वर्गांसाठी एकच, ज्याला सुचेल त्यानं करावं. तुमचा वेळ सोमवारी दोन मिनिटं. एक देते, तिसरी-चौथीच्या कुणालाही जमतं. चार आकडी संख्या घ्या, सगळे अंक सारखे नकोत. अंक मोठ्याकडून लहानाकडं लिहा, मग लहानाकडून मोठ्याकडं, आणि वजा करा. उत्तराचं परत तसंच, उत्तर तीन आकडी आलं तर आधी शून्य धरून. 3524 घ्या. 5432 उणे 2345, आले 3087. मग 8730 उणे 0378, आले 8352. मग 8532 उणे 2358, आले 6174. आता 6174 चं करा, 7641 उणे 1467, परत 6174. कुठलीही संख्या घ्या, जास्तीत जास्त सात वेळा करेपर्यंत 6174 वरच येऊन थांबते. पण हे सांगायचं नाही हां, पोरांनाच सापडू द्या. जे वजाबाकीत कच्चं आहे त्याची ह्यात वीस हातच्याच्या वजाबाक्या होऊन जातात, आणि तुमचा तो पोरगा विचारत बसेल असं का होतं, तीन आकड्यांचं काय होतं, दोन आकड्यांचं काय होतं. एकाच कोड्यात दोघांनाही आपापल्या जोगतं मिळतं. ही संख्या शोधली कापरेकरांनी, देवळालीचे शाळामास्तर, आख्खी नोकरी शाळेत केली आणि आज जगभर 6174 ला कापरेकर स्थिरांक म्हणतात. हे मात्र पोरांना नक्की सांगा, शाळेतल्या सरांनी शोधलं म्हणून.

बापाला काय सांगायचं? त्याला बोलवा आणि पोराला गणिताला तिसरीत बसवलंय हे दाखवा, बास. त्यानं वेगळं लक्ष मागितलं कारण त्याला दुसरा शब्द माहीत नव्हता. अरविंद गुप्तांच्या वेबसाइटवर टाकाऊतून खेळणी कशी करायची त्याचे व्हिडिओ आणि मराठी पुस्तकंही फुकट आहेत, त्यातलं एक बापाच्या मोबाइलवर लावून द्या, रात्री बापलेक मिळून करतील. आणि पालक तोडीवर गेले आणि पोरगंही सोबत गेलं तर, हे मला सगळ्यात जास्त वाटतं सर, मागं आहेत त्यांना थांबवायला आपण जेवढी धडपड करतो तेवढीच ह्याच्यासाठीही करा, असं लेकरू पाच महिने शाळेबाहेर राहिलं तरी परत येऊन पास होतं आणि म्हणून त्याच्या जाण्याची कुणी नोंदच घेत नाही.

प्रश्न : मुलगा पाचवीत आहे, नवोदयला नंबर लागला. तुळजापूरला हॉस्टेलला ठेवावं लागेल. बायको रडायली, लेकरू लहान आहे म्हणते. इथले सर म्हणतात इथंच राहू द्या, आमच्याकडं पण पहिलाच येईल. काय करावं?
एक वडील, धाराशिव जिल्हा

उत्तर : दादा, अभिनंदन. इथं पहिलाच येईल हे सर मायेनं म्हणतायत, पण मला विचाराल तर तेच पाठवायचं कारण आहे. तिथं वर्गातली सगळीच पोरं परीक्षा देऊन आलेली असतात, जिल्ह्यातून 80 जागा, त्यात निदान 75 टक्के ग्रामीण भागातल्या, म्हणजे तुमच्यासारख्याच घरची. तो कदाचित तिसावा येईल. येऊ द्या. राहणं, जेवण, पुस्तकं, कपडे ह्याचा खर्च सरकार करतं, आणि नववीत काहींना वर्षभर दुसऱ्या राज्यातल्या नवोदयला पाठवतात ते वेगळंच शिक्षण.

पण वहिनींचं रडणं बाजूला सारू नका. दहा-अकरा वर्षांचं लेकरू आहे, डोकं पुढं असलं म्हणून रात्री आई लागत नाही असं नाही. ॲडमिशनच्या आधी दोघं जाऊन या, मुलाला घेऊन, मेसमध्ये काय वाढतात बघा, झोपायची जागा बघा, रात्री आजारी पडलं तर कोण बघतं ते विचारा, आपल्या गावाकडचं वरच्या वर्गातलं कुणी असेल तर त्याच्याशी मुलाला एकट्याला बोलू द्या. घरी आल्यावर त्याला विचारा आणि तो जे म्हणेल ते ऐका. सहावीसाठीची परीक्षा परत देता येत नाही हे लक्षात ठेवून ठरवा, नववीला रिकाम्या जागांसाठी परीक्षा असते पण जागा फार थोड्या. आणि पाठवलंत तर पहिल्या भेटीच्या दिवशी वहिनींनाच पाठवा, डबा घेऊन, तुम्ही नंतर जा.